आलमारीवाल्या बाजी

शमीम बाजींना ‘सोपं’ या शब्दाची चीड होती. कुणी त्यांच्यासमोर “अगदी सोपं आहे हो” असं म्हटलं की त्या चष्मा कपाळावर ढकलत, खुर्ची ओढून घेत आणि म्हणत, “सोपं हाय ना? मंग करून दाखव. मी बसली इथीच.” आणि त्या खरंच बसत. समोरचा घामाघूम होईपर्यंत उठत नसत. या एका सवयीमुळे आमच्यातल्या भल्याभल्यांची बोलती बंद झाली, आणि याच सवयीमुळे आमची ‘आलमारी’ वाचली.

ही आलमारी लाकडाची नव्हे की लोखंडाचीही नव्हे. लहान वाचनालयांसाठी मराठीतून केलेलं ते एक सॉफ्टवेअर. पुस्तकांची नोंद ठेवायची, कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं ते बघायचं, हवं ते शोधायचं. कुणीही ते फुकट घ्यावं, उघडून आत बघावं, बदलावं आणि बदललेलं पुन्हा सगळ्यांना द्यावं, अशी रीत. अमरावतीच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुकुंदनं ते लिहिलं आणि आम्ही काही जण हौसेनं त्याच्या मागे लागलो. त्यात एक अकोल्याला कॉम्प्युटर क्लास चालवणारा दिनकर होता. पुढे मुकुंद नोकरीसाठी बंगळुरूला गेला. सॉफ्टवेअरमध्ये अधूनमधून दुरुस्त्या होत राहिल्या, पण वेबसाइटकडे कुणी ढुंकून बघेना. पहिल्याच पानावर ‘नवी आवृत्ती लवकरच येत आहे’ अशी ओळ उजवीकडून डावीकडे सरकायची. ती आवृत्ती येऊन जुनी झाली, तरी ओळ सरकतच होती. कोपऱ्यात ‘काम चालू आहे’ म्हणून फावडं मारणाऱ्या माणसाचं हलतं चित्र होतं. कामाच्या नावानं त्या साइटवर तेवढा एकच माणूस उरला होता.

अशा दिवसांत, ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी, एक बाई आमच्या स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. अंगानं भक्कम, डोक्यावरून पदर, हातात पाण्याची बाटली.

“मुकुंद कोन हाय?”

मी म्हटलं, “मुकुंद सर इथे नसतात आता. बंगळुरूला गेले.”

“पान तर म्हणते इथीच बसते.” त्यांनी घडी घातलेला कागद उघडला. आमच्या साइटचं ‘संपर्क’ हे पान त्यांनी छापून आणलं होतं. “मी तेल्हाऱ्याहून आली. एसटीनं अकोला, तिथून पॅसेंजरनं बडनेरा. आता तुमी म्हणता नसतात. मंग पानावर काहून असतात?”

मी त्यांना खुर्ची दिली आणि पंख्याची दिशा बदलली.

शमीम बाजी तेल्हाऱ्याच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या. बाजी म्हणजे थोरली बहीण. गावात हिंदू असो की मुसलमान, सगळे त्यांना बाजीच म्हणत. कुणी दिलेल्या एका जुन्या संगणकावर त्यांनी स्वतः आलमारी बसवली होती आणि जवळजवळ वर्षभर खपून सगळ्या पुस्तकांची नोंद त्यात केली होती. मग नवी आवृत्ती आली. साइटवरच्या ‘अगदी सोप्या’ पानावर लिहिलं होतं, की आधी जुनी आवृत्ती काढून टाका, मग नवी बसवा. ते पान फार जुन्या काळचं. आता तसं केलं तर जुन्या आवृत्तीबरोबर नोंदीही पुसल्या जात. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं. आम्ही आधी नोंदींची प्रत काढून ठेवायचो. पानावर मात्र ते कुणीच लिहिलं नव्हतं. बाजींनी पानाचं अक्षर न् अक्षर पाळलं आणि वर्षभराचं काम एका क्षणात गेलं.

“मले रडू नाई आलं,” त्या म्हणाल्या. “राग आला. माणूस उन्हातून सायकल मारत पुस्तकाले येते, अन् मी त्याले म्हणतो, बस बाप्पा, शोधून राहिली. अर्धा दिवस शोधतो.”

ती वर्षं आमच्याकडे बरी नव्हती. कापसाला भाव नव्हता आणि कधी कधी कापूसच नव्हता. सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आपल्याच भागातल्या गावांची नावं असायची, आणि चहा तसाच निवून जाई. कॉलेज सोडून घरी बसलेली मुलंमुली भरतीच्या परीक्षांची पुस्तकं शोधत तेल्हाऱ्याला येत. त्यांच्यासाठी ते वाचनालय म्हणजे एकच उघडं दार होतं, आणि बाजींना ते मनापासून कळलेलं होतं. म्हणून त्या भांडायला इतक्या लांब आल्या होत्या.

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली आणि विचारलं, “हे पान कोन बदलते?”

“कुणीही बदलू शकतं. आम्ही सगळे स्वयंसेवकच आहोत.”

“मंग काहून नाई बदललं?”

“वेळ…”

“मी बदलतो,” बाजी म्हणाल्या. “सांगा कसं बदलाचं. अन् सोपं हाय म्हणू नका.”

त्यानंतर दर रविवारी आम्ही अकोल्याला दिनकरच्या क्लासमध्ये जमू लागलो. मी अमरावतीहून, बाजी तेल्हाऱ्याहून, अकोला मध्यात. तेव्हा भारनियमन इतकं होतं की लाईनीचं वेळापत्रक बघून आम्ही कामं ठरवायचो. लाईन असली की साइटवर पानं चढवायची, गेली की खिडकीशी बसून मजकूर लिहायचा. पहिल्या रविवारी दिनकरनं बाजींना सगळी साइट फिरवून दाखवली. फावडेवाल्या माणसापाशी त्या थांबल्या.

“हा कवापासून खोदून राहिला?”

“झाली असतील चार-पाच वर्षं,” दिनकर म्हणाला.

“बाप्पा! इतक्यात तर विहिरीले पाणी लागलं असतं. सोड त्याले घरी.”

तो माणूस त्या दिवशी घरी गेला. सरकणारी ओळही गेली. ‘सोपे’, ‘सहज’, ‘फक्त एवढेच करा’ हे शब्द बाजींनी प्रत्येक पानावरून शोधून शोधून काढले. त्यांच्या जागी काय लिहायचं यावर आमची खडाजंगी व्हायची. ‘इथे बहुतेक लोक अडतात’ असं एक वाक्य त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, असं लिहिलं तर लोक घाबरतील. त्या म्हणाल्या, “नाई घाबरत. अडलेल्या माणसाले वाटते आपणच बेअक्कल. त्याले सांगा ना, भाऊ, इथी समदेच अडतात.” ते वाक्य राहिलं. पुढे लोकांनी सर्वांत जास्त आभार त्याच वाक्याचे मानले.

पण बाजींची खरी परीक्षा अकोल्यात होत नसे, ती तेल्हाऱ्याला व्हायची. त्यांचे यजमान रफीकभाई पत्र्याच्या पेट्या बनवत. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत दुकान, दिवसभर हातोडीचा ठणठणाट. त्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता आणि लावायची इच्छाही नव्हती. नवं पान लिहून झालं की बाजी ते घेऊन दुकानात जात आणि मोठ्यानं वाचून दाखवत. रफीकभाई हातोडी खाली ठेवून ऐकत. समजतंय तोवर हातोडी खाली. मध्येच ती पुन्हा वाजायला लागली, की पान नापास. कुठं वाजली त्या ओळीवर बाजी खूण करत आणि पान पुन्हा लिहून घेत. मी एकदा फार मेहनतीनं एक पान लिहिलं होतं. मला ते आवडलंही होतं. दुसऱ्याच ओळीला ठणठण सुरू झाली.

“रफीकभाई, पुढे तर ऐका,” मी काकुळतीनं म्हटलं.

“प्रोफेसरसाब,” ते अदबीनं म्हणाले, “आपने लिख्खा अच्छा है. मगर किसके वास्ते लिख्खा?”

बाजी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारचा सायकलवाला काय झालं म्हणून बघायला आला. मग त्यालाही बसवून पान ऐकवलं.

दुसरा त्यांचा नियम तारखेचा. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘हे पान अमुक दिवशी अमक्यानं तपासलं’ असं लिहायचं. दुधाच्या भांड्याकडे बघावं तसं त्या पानांकडे बघायच्या. नासलं नसेल, पण बघून घेतलेलं बरं. आणि ज्या पानावर निघून गेलेल्या माणसाचं नाव आहे, ते पान त्यांच्या लेखी नासलेलंच. मुकुंदचं नाव त्यांनी ‘संपर्क’मधून काढून ‘ज्यांनी सुरू केलं’ या पानावर सन्मानानं नेऊन ठेवलं. मग रिकाम्या झालेल्या ‘संपर्क’मध्ये काय लिहायचं, असा प्रश्न आला. बाजींनी पेन घेतलं आणि एका दमात लिहून काढलं. ते असं होतं :

‘काही अडलं तर या. तेल्हाऱ्याला बसस्टँडवर उतरा आणि कोणालाही शमीम बाजींचं वाचनालय विचारा. सोमवार सोडून रोज उघडं असतं. लांबून आलात तर जेवण होईल. जेवल्याशिवाय जाऊ नये.’

दिनकर म्हणाला, “बाजी, हे वेबसाइट हाय. जगात कोनीबी पाहीन.”

“पाहू दे. जगातलं कोन तेल्हाऱ्याले येते?”

पहिला माणूस दिवाळीच्या आधी आला. मेळघाटातल्या एका आश्रमशाळेचे शिक्षक. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन ते बसमधून उतरले. उघडलं तर आत शाळेचा सीपीयू. ‘या’ म्हटलंय म्हणजे मशीन घेऊनच जायचं असणार, असं त्यांनी धरलं होतं, आणि धारणीपासून तेल्हाऱ्यापर्यंत बस बदलत बदलत ते लेकरासारखं सांभाळत आणलं होतं. बाजींनी आधी त्यांना बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर वाढली, मग मशीन जोडलं. त्यांचं काम तासाभरात झालं. पण बाजी त्यांना जाऊ देईनात. रफीकभाईंनी सीपीयूच्या मापाची पत्र्याची पेटी ठोकायला घेतली होती. आत जुन्या गादीचा कापूस लावला आणि वरती हौसेनं लाल गुलाब रंगवले. गुरुजी ती पेटी घेऊन परत गेले, आणि पुढे साइटवरची कितीतरी पानं तपासायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं.

मग येतच राहिले. कुणी हिंगोलीहून, कुणी रिद्धपूरहून, धामणगावची एक ग्रंथपाल तर नवरा आणि सासू दोघांना घेऊन. बसस्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी बाजींना ‘आलमारीवाली बाजी’ नाव ठेवलं. त्यामुळे एकदा लेकीच्या लग्नात द्यायला कपाट हवं असलेलं एक कुटुंबही वाचनालयात येऊन बसलं. बाजींनी त्यांना चहा दिला आणि रफीकभाईंच्या दुकानात नेऊन सोडलं. कपाट नाही, पण एक मोठी पेटी घेऊन मंडळी खुशीत गेली.

याच सुमारास बंगळुरूहून मुकुंदची मेल आली. साइटचं नाव त्याच्याकडे नोंदवलेलं होतं आणि मुख्य पासवर्डही त्याच्याकडेच. त्यानं लिहिलं होतं, की ‘संपर्क’ हे पान लग्नपत्रिकेसारखं दिसतंय, कुठल्याही सॉफ्टवेअरच्या साइटवर असं नसतं. ते काढा. नाहीतर जानेवारीअखेरीला नावाची मुदत संपतेय, ती मी वाढवणार नाही. साइट बंद झालेली परवडली, हसं नको.

मी ती मेल बाजींना वाचून दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत मी त्यांना असं पहिल्यांदाच बघितलं. साइट गेली तर कितीतरी वाचनालयांना आलमारी कुठून घ्यायची आणि अडलं तर कुणाला विचारायचं, हेच कळलं नसतं. पान काढलं तर साइट राहिली असती, पण अडलेला माणूस आला नसता. बाजींनी चष्मा कपाळावर ढकलला. मग म्हणाल्या, “त्याले लिवा, एकडाव येऊन पाय. मंग काढ.”

मी लिहिलं. उत्तर आलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला आमची बैठक तेल्हाऱ्यालाच होती, कारण जवळच दिनकरच्या वावरात कणकेच्या रोडग्यांचा बेत ठरला होता. वाचनालयात मी आणि बाजी बोलत बसलो होतो, एवढ्यात खांद्याला बॅग लावून मुकुंद दारात उभा. केस गेलेले, मिशी काढलेली, पण मी ओळखलं. त्यानं माझ्याकडे बघून हळूच ओठांवर बोट ठेवलं. मीही गंमत बघायची ठरवून गप्प बसलो.

“नवीन आहे,” तो बाजींना म्हणाला. “पान वाचून आलो. आलमारी शिकायची होती.”

“बसा ना. कुठून आले? जेवण झालं?” बाजींनी त्याला सरावाच्या मशीनवर बसवलं, समोर छापलेलं पान ठेवलं. “हे वाचत वाचत करा. अडलं का सांगजा.”

मुकुंदनं पानाकडे नजरही टाकली नाही. टाकेल कशाला, सॉफ्टवेअर त्याचंच. त्यानं आपल्या काळच्या सवयीनं भराभर बटणं दाबली, जुनी आवृत्ती काढली, नवी बसवली आणि उघडली. आलमारी रिकामी होती. सरावाच्या सगळ्या नोंदी गेल्या होत्या. त्यानं पुन्हा उघडली. पुन्हा रिकामी. त्याच्या कपाळावर जानेवारीत घाम आला.

बाजींनी टाळीच वाजवली. “हेच! हेच माह्यं झालं होतं! सायब, पायजा बरं, या दादाचंबी तसंच झालं!” त्यांनी वाचत बसलेल्या दोन-तीन माणसांना बोलावून ते दाखवलं. चेहऱ्यावर खट्याळपणा नव्हता, निव्वळ आनंद होता. इतक्या लांबून आलेला माणूस नेमका त्यांच्यासारखाच अडला होता. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “घाबरू नका. इथी समदेच अडतात.”

मुकुंदनं समोरचं छापलेलं पान उचललं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

वावरात गेल्यावर, निखाऱ्यातून काढलेला रोडगा तुपात कुस्करताना त्यानं आपलं नाव सांगितलं. मला वाटलं बाजी आता चांगली खरडपट्टी काढतील. त्यांनी कपाळावर हात मारला. “आंधी काहून नाई सांगितलं? शिरा केला असता!” मुकुंद हसायला लागला तो हसतच सुटला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं आम्ही सगळ्यांनी धुराच्या नावावर खपवलं. संध्याकाळी वाचनालयात परत आल्यावर त्यानं साइटचा मुख्य पासवर्ड बदलायला घेतला, खुर्चीवरून उठला आणि बाजींना म्हणाला, “आता तुमचा घाला. मला सांगू नका.” मुदत त्यानं तिथेच बसून वाढवली. ‘संपर्क’ पान आहे तसंच राहिलं. फक्त तळाशी तपासणाऱ्याच्या जागी त्यानं आपलं नाव टाकायला परवानगी मागितली. बाजींनी ती उदार मनानं दिली.

पुढची काही वर्षं अशीच गजबजलेली गेली. मग रफीकभाईंचे गुडघे बसले आणि पत्र्याच्या पेट्यांना गिऱ्हाईकही राहिलं नाही. त्यांची लेक अकोल्याला होती, तिनं दोघांना बोलावून घेतलं. बाजींच्या जागी सुवर्णाताई नावाची गावातलीच मुलगी आली. याच वाचनालयात भरतीची पुस्तकं वाचत मोठी झालेली.

बाजींना निघायला अजून महिना होता. त्यांनी मला बोलावून घेतलं. “पान बदलाचं हाय. माणूस गेल्यावर नाई, जाच्या आंधी बदललं पायजे.” ‘संपर्क’चं पान त्यांनी स्वतः उघडलं. ‘शमीम बाजींचं’ हे दोन शब्द पुसले आणि ‘सुवर्णाताईंचं’ लिहिलं. बाकी एक अक्षर बदललं नाही. “जेवणाचं तिले विचारून घेतलं मी,” त्या म्हणाल्या. “घालन म्हणते.”

नियमाप्रमाणे आम्ही पान घेऊन दुकानात गेलो. अवजारं एका पेटीत भरून झाली होती, रफीकभाई त्याच पेटीवर बसले होते. बाजींनी पान वाचलं. रफीकभाईंच्या हातात हातोडी नव्हती. त्यांनी बोटांनीच पेटीच्या झाकणावर ठण ठण वाजवलं.

“क्यों?” बाजी चिडून म्हणाल्या. “क्या नहीं समझा?”

“समझा सब.” ते खाली बघत म्हणाले. “अच्छा नहीं लगा.”

“पान अच्छं लागाले नाई लिवत,” बाजी म्हणाल्या. “बरोबर पायजे.” आणि त्यांनी मला तारीख टाकायला सांगितलं.

त्या निघाल्या तेव्हा मी आणि दिनकर बसस्टँडवर गेलो होतो. सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं. बाजी खिडकीशी बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण मी नुसताच खिडकीचा गज धरून उभा राहिलो. एवढ्यात शेजारी अकोटची गाडी लागली. तिच्यातून एक तरुण पोरगी उतरली. कडेवर गोणपाटात बांधलेला चौकोनी डबा. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि जवळच्या खिडकीत दिसलेल्या बाईलाच विचारलं, “काकू, सुवर्णाताईंचं वाचनालय कुठी हाय?”

बाजी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग अख्खा चेहरा फुलला. खिडकीतून हात काढून त्यांनी रस्ता दाखवला. “सरळ जाजो, पाण्याच्या टाकीपासी वळजो. मशीन सांभाळून.” गाडी सुरू झाली, तरी त्या वाकून सांगतच होत्या. “अन् जेवल्याबिगर जाऊ नको, पोरी!”